स्पीडचं बटन

तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू 'ओरिजिनल' राहिलेली नाही, असं कुणी सांगितलं, तर तुम्ही आधी काय विचाराल? ती किती बिघडली हे, की ती कुणासाठी बदलली हे?

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा बाबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि मी कुणालाच काही विचारत नव्हते.

बाबा धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेले. त्यानंतर घरात माणसं येत राहिली. बुद्धवंदना झाली, बाबांच्या नावानं पुण्यानुमोदन झालं. मी सतरंज्या अंथरल्या, चहा केला, सतरंज्यांच्या घड्या करून ज्यांच्या त्यांना परत दिल्या. रडले नाही. पोरगी खंबीर आहे, असं बायका आईला सांगत होत्या. खंबीर वगैरे काही नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि आपलाच ओठ दुसऱ्याचा वाटायला लागतो, तसं होतं. बोट लावलं की ओठ आहे हे कळतं, इतकंच.

लिहिणंही बंद होतं. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा दसऱ्याला दीक्षाभूमीवरून पातळ पुस्तिका आणि रस्त्यात वाटलेले कागद पिशवीभर आणायचे, त्यांवर मी अक्षरं गिरवली. म्हणून माझ्या लिहिण्यात उद्गारचिन्हं फार. बाबा मी लिहिलेलं एखादं पत्रक हातात घेऊन म्हणायचे, "एवढ्या काड्या काहून उभ्या केल्या वं? वाचणारा बहिरा आहे का?" त्या दोन महिन्यांत मी एकही काडी उभी केली नाही.

पलंगाखाली बाबांचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प होता. व्हॉल्वचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असतात आणि त्या तापल्याशिवाय आवाज येत नाही, तसला. मुळात तो गिटारचा. बाबा रेल्वेत विजेच्या कामावर खलाशी, म्हणजे मदतनीस, होते. रेल्वे कॉलनीत एक म्हातारा गिटार वाजवायचा. तो मुलाकडे परदेशात जायला निघाला तेव्हा हा जड डबा बाबांना देऊन गेला. बाबांना गिटार येत नव्हती. ते आमच्या भागातल्या गाण्याच्या पार्टीत बेंजो वाजवायचे, टाइपरायटरसारखी बटनं असलेला, जयंतीच्या कार्यक्रमात असतो तो. त्यांनी बेंजो त्या अ‍ॅम्पला जोडला आणि पुढची कित्येक वर्षं तो जोडलेलाच राहिला. मग गावोगावी डीजे आले, पार्टी मोडली आणि अ‍ॅम्प पलंगाखाली गेला.

माझा धाकटा भाऊ उन्हाळ्यात कूलर बसवतो, दुरुस्त करतो. त्यानं अ‍ॅम्पचा फोटो कुठंतरी टाकला होता. एका रविवारी दुपारी जेवताना तो म्हणाला, "ताई, पुण्याचा एक जण आहे. जुने अ‍ॅम्प जमा करते. आपला डबा त्याले पाहिजे म्हणते."

"द्यायचा आहे का?" मी म्हटलं.

"मंग का करतं? उंदरानं तार खाल्ली का तेही गेलं. इथं कोण वाजवून राहिलं? तिकडं वाजन तरी."

आई भाजी वाढत होती. तिनं फक्त इतकंच विचारलं, "वाजवतील नं पण?"

"हाव वं आई. वाजवाले तं घेऊन राहिला तो."

"मंग दे."

भाऊ म्हणाला, एकच गोष्ट आहे. त्या माणसाला जाणून घ्यायचंय की आत काय काय बदललेलं आहे. कारखान्यातून निघाला तसाच असेल तर तो लगेच येईल. "तुले समजते त्यातलं, तूच पाय. मले फक्त कूलरची मोटर समजते."

मला समजत होतं, कारण बाबांनी शिकवलं होतं. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

इथं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात आवाजाला 'स्पीड' म्हणतात. टीव्हीची स्पीड कमी कर. मोबाइलची स्पीड वाढव. कूलर सुरू झाला की टीव्हीचं काही ऐकू येत नाही, मग आई ओरडते, "स्पीड वाढवा रे कोणी." शाळेत मी एकदा बाईंना म्हणाले, रेडिओची स्पीड कमी आहे, तर अख्खा वर्ग हसला. पुढं बाहेर मी 'आवाज' म्हणायला शिकले आणि घरात 'स्पीड'च म्हणत राहिले. हे कुठून आलं, हा प्रश्न कधी पडला नाही. घरातल्या शब्दांना आपण कुठून आलात असं विचारत नाही.

दवाखान्यात बाबांच्या उशाशी यंत्र वाजत असायचं. आईला ते सहन होत नव्हतं. तिनं नर्सला हात जोडून म्हटलं, "बाई, याची स्पीड थोडी कमी करा नं." नर्सनं सलाईनकडे पाहिलं आणि जरा रागावूनच म्हणाली, "मावशी, सलाईनची स्पीड डॉक्टर ठरवतात. हात नका लावू." मी तिथं होते. आईला आवाज म्हणायचं आहे, हे मी नर्सला सांगू शकले असते. पण बाबांचा डोळा उघडा होता आणि ते हसल्यासारखं करत होते. म्हणून मी तेच बघत राहिले.

तर अ‍ॅम्प. जेवणं झाल्यावर मी तो पलंगाखालून ओढला, मागचं लाकडी झाकण काढलं आणि आतली पत्र्याची पेटी बाहेर घेतली. व्हॉल्वच्या अ‍ॅम्पमध्ये बंद केल्यावरही वीज साठून राहते. त्यामुळे आधी ती उतरवावी लागते आणि हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. बाबांचा हा पहिला धडा होता. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता, म्हणून मी डावा हात पाठीमागं धरला. भाऊ पलंगावर पाय हलवत बसला होता. "शॉक लागला तं धंतोलीले नेऊ का?" असं म्हणाला आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "टॉर्च धर."

बदल ओळखणं कठीण नसतं, घाई केली नाही तर. तारा जोडायला कारखान्यानं दिलेली झाळ जुनी होऊन राखाडी पडते, नंतर दिलेली झाळ जास्त चमकते आणि तिचा थेंबही मोठा असतो. या अ‍ॅम्पच्या मूळ तारांवर कापडाचं वेष्टन होतं. जिथं जिथं प्लॅस्टिकची तार दिसली तिथं नंतर हात लागलेला होता. कारखान्यात पत्र्याला भोक पाडलं की कड गोल आणि गुळगुळीत निघते. हातानं पाडलेलं भोक कानशीनं घासावं लागतं आणि त्याच्या भोवती ओरखडे राहतात.

पण नवं दिसलं म्हणजे बदल केला, असं नाही. बाबा यात फार काटेकोर होते. जे मेलं म्हणून बदललं ती दुरुस्ती. जे चांगलं चालू असताना बदललं तो बदल. आत वीज साठवणारे मोठे कंडेन्सर नवे होते, पण ते काळानं सुकतातच, ती दुरुस्ती. भिंतीत लावायची पिन नवी होती, तीही दुरुस्तीच. सूर ठरवणाऱ्या भागात एक कंडेन्सर वेगळा होता. बेंजोचा आवाज पत्र्यावर खिळा घासल्यासारखा कर्कश येतो, तो मऊ करण्यासाठी बाबांनी तो टाकला असणार. हा बदल, पण लहान.

मग मागच्या बाजूला कानशीनं घासलेलं भोक सापडलं. त्यात माइकची पिन बसेल असं सॉकेट होतं. तिथून निळ्या प्लॅस्टिकची तार निघाली होती आणि ती ज्या नळीकडे गेली होती, ती नळी मुळात आवाजाची नव्हतीच. या अ‍ॅम्पमध्ये आवाज थरथरवण्याची सोय होती. गिटारवाले तिला ट्रेमोलो म्हणतात. त्यासाठी एक वेगळी नळी आणि समोर दोन बटनं. एकानं थरथर किती खोल हे ठरतं, दुसऱ्यानं ती किती भरभर हे. बाबांनी ती सोय पूर्ण उचकटली होती. पहिल्या बटनाच्या तारा तोडून टोकांना पट्टी गुंडाळली होती. दुसऱ्या बटनाला निळी तार जोडून त्याचं माइकच्या आवाजाचं बटन केलं होतं.

मी पेटी उलटी केली आणि समोरची पट्टी पाहिली. त्या दुसऱ्या बटनाखाली इंग्रजीत कोरलं होतं, स्पीड.

मी भावाला म्हटलं, "वाच."

त्यानं वाचलं. टॉर्च खाली आली. मग तो म्हणाला, "म्हणजे शाळेत मार खाल्ला तो या डब्यापायी?"

"तू मार खाल्ला?"

"मंग. सर म्हणे आवाज खाली कर, मी म्हटलं स्पीड नाही वाढवली सर मी."

आम्ही दोघंही हसलो नाही. हसण्यासारखं होतं, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी मी आतले फोटो पुण्याच्या त्या माणसाला पाठवले आणि त्याचा फोन आला. सभ्य माणूस होता, हे सांगितलं पाहिजे. बाबांबद्दल कळल्यावर आधी त्याबद्दल बोलला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही फार बारकाईनं पाहिलंत. पण हे ट्रेमोलोचं जे केलंय ना, ते फार वाईट केलंय हो. चांगल्या वस्तूची वाट लावलीय. कुणी केलं?"

"वडिलांनी."

"अच्छा. सॉरी. त्यांना कल्पना नसेल." मग तो म्हणाला, "काळजी करू नका, होईल. माझे एक मेकॅनिक आहेत, ते हे सगळं उपटून टाकतील. भोक बुजवतील. पुन्हा शुद्ध करून घेऊ."

शुद्ध. ज्या पत्रकांवर मी वाढले त्यांच्यात या शब्दावर पानंच्या पानं आहेत. हा शब्द ऐकला की एरवी माझी कानशिलं तापतात. तो माणूस तारांबद्दल बोलत होता आणि एरवी मी त्यालाही सोडलं नसतं. त्या संध्याकाळी मी म्हटलं, "आईला विचारून सांगते," आणि फोन ठेवला. कान थंडच होते. शब्द आत गेला आणि तिथं कुणी घरी नव्हतं.

आई मागच्या अंगणात लसूण सोलत बसली होती. मी तिच्यापुढं बसले. अ‍ॅम्पवर स्पीड लिहिलं आहे, हे तिला माहीत होतं का, ते विचारलं.

"मले काय इंग्रजी वाचता येते? तुह्या बापानं सांगतलं, इथं स्पीड लिवलं आहे."

"पण ते बटन बदललं काहून?"

तिनं एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. मग सांगितलं. मी तिच्या शब्दांत सगळं लिहीत नाही, ती तुकड्यातुकड्यानं बोलली आणि मध्ये दोनदा भाजीवाला आला. आई पार्टीत गायची, हे मला ठाऊक होतं. कशी गायची, ते नव्हतं. खाप्याला एक कार्यक्रम होता. माइक एक. तो मुख्य गायकासमोर. बायका मागं कोरसला. आईला मधलं एक कडवं एकटीनं म्हणायचं होतं आणि तिनं ते म्हटलं, पण माइक कुणी तिच्याकडे सरकवला नाही. ढोलक वाजत होती, बेंजो वाजत होता, ती तोंड हलवत होती. लोकांना वाटलं मधलं कडवं रिकामंच आहे. समोरून कुणीतरी ओरडलं, "अबे, बाई झोपली का गा?"

"रडलीस?"

"रडू कायले. घरी येऊन तुह्या बापाशी बोललो नाही."

पुढचा कार्यक्रम भिवापूरला होता. बाबांनी त्याआधी अ‍ॅम्प उघडला. थरथरीची त्यांना गरज नव्हती, आईला माइकची होती. भिवापूरला मंडप मिरच्यांच्या आवाराला लागून होता. आईच्या हातात तिचा स्वतःचा माइक आला आणि अख्ख्या गावाला तिचा पहिला आवाज ऐकू गेला तो शिंकेचा. शिंक इतकी मोठी निघाली की ती घाबरून मागं सरकली. बाबा बेंजोवरून मान वर करून म्हणाले, "थांब, तुही स्पीड कमी करतो."

"तेव्हापासून आपलं ते नाव पडलं," आई म्हणाली. "मी मंचावरून नुसतं पाहो. मी पाह्यलं का ते स्पीड वाढवत."

मग तिला पुण्याच्या माणसाचं सांगितलं. अ‍ॅम्प वाजेल, चांगला वाजेल, पण त्या बटनाला कंपनीनं जे काम दिलं होतं तेच परत दिलं जाईल आणि मागचं भोक बुजवलं जाईल. आई ऐकत होती. तिनं विचारलं, "त्याच्यातून माहा आवाज जाते का अजून?"

मला माहीत नव्हतं.

मी पेटी परत डब्यात बसवली, भावानं सिरीजचा बोर्ड काढला. खूप दिवस बंद असलेलं यंत्र थेट विजेवर लावत नाहीत. मधे एक मोठा बल्ब जोडतात. आत कुठं तारेला तार चिकटली असेल तर बल्ब भकदिशी पेटतो आणि पेटलेलाच राहतो, सगळं ठीक असेल तर पेटून मंद होतो. बल्ब पेटला. आम्ही तिघं बल्बकडे पाहत होतो. मंद झाला. मग नळ्यांमध्ये लाल रेघ आली. धूळ जळल्याचा वास आला आणि तो वास मला ओळखीचा होता. छातीत काहीतरी होईल म्हणून मी वाट पाहिली. झालं नाही.

माइक डब्याच्या तळाशीच होता, फडक्यात गुंडाळलेला. आईनं कूलर बंद करायला लावला. माइक हातात घेतला, पदरानं पुसला. मला वाटलं ती गाईल. भावालाही वाटलं असावं, तो सरसावून बसला. आई नुसती श्वास घेत होती आणि तो श्वास स्पीकरमधून खरखरत, अगदी हळू येत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं नाही. तिनं परत पाहिलं. मग म्हणाली, "स्पीड वाढव नं वं."

मी बटन फिरवलं. खोलीभर तिचा श्वास झाला.

थोड्या वेळानं तिनं माइक खाली ठेवला आणि म्हणाली, "त्याले फोन लाव. इचार, त्याच्या घरी कोण गाते?"

भाऊ म्हणाला, "आई, असं इचारतात का कोणाले?"

"काहून? मी पोरगी देऊन राहिलो का त्याले, का अपमान होईन? नुसतं इचार."

मी फोन लावला आणि जसं होतं तसं विचारलं. मग तो माणूस म्हणाला, "गात नाही कुणी. खरं सांगू का, वाजवतही फार नाही. संग्रह आहे. महिन्यातून एकदा सगळे सुरू करून पाहतो." खोटं बोलणं त्याला सोपं होतं. तो बोलला नाही.

आईला मी हे सांगितलं.

"मंग स्पीड कोणाची वाढवन तो?" ती म्हणाली. "राहू दे इथंच."

भावानं बोर्डाची पिन काढली. बल्ब विझला, नळ्या मात्र जरा वेळ लाल राहिल्या.

त्या माणसाला मी नकार कळवला. तो नाराज झाला नसावा. फक्त एक सल्ला दिला, पुढं कधी द्यायचा झालाच तर जाहिरातीत 'मॉडिफाइड' असं स्पष्ट लिहा, नाहीतर घेणाऱ्याची फसवणूक होते. सल्ला बरोबर आहे. मी तो बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. बाबा गेल्यावर मी लिहायला बसले ती या एका शब्दापासून, कारण तो अर्धाच आहे. बदललेलं आहे हे तो सांगतो. खाप्याला एका बाईचं कडवं रिकामं गेलं होतं, हे त्यात कुठं बसत नाही. बाबांना कल्पना नव्हती, असं तो माणूस म्हणाला होता. बाबांना पुरती कल्पना होती.

अ‍ॅम्प आता पलंगाखाली नाही, टीव्हीच्या बाजूला आहे. आई गात नाही. आठवड्यातून एकदा भाऊ तो सुरू करतो, ती माइकमधून आम्हाला जेवायला हाक मारते आणि शेजारचे ओरडतात. मी अजून रडलेले नाही. ते कधी होईल, माहीत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. जुनी यंत्रं तुम्ही विकत असाल, घेत असाल, दुरुस्त करत असाल, तर कुणाची झाळ उपटण्याआधी त्या घरी एक फोन करा. हे कुणी बदललं आणि कुणासाठी, एवढं विचारा. जे कळेल ते एका कागदावर लिहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. यंत्रं विकत नसाल, तर घरातली एखादी हातानं बदललेली वस्तू आज काढा आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना, ते आहेत तोवर, विचारा. त्यांचं उत्तर हळू आलं, तर स्पीड वाढवा.